खोलगटातली बांधी

बाबा आमच्याकडे राहायला आले ते स्वतःचं तांदळाचं पोतं सोबत घेऊन आले. लेकीच्या घरी राहायला येणारा माणूस कपड्याची पिशवी आणतो, फार तर घरचा लाखोळीच्या डाळीचा डबा आणतो. आमच्या बाबांनी पोतं आणलं. आणि पोत्यासोबत एक छोटा गंज, भात शिजवायचा, स्वतःचा वेगळा.

आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, तेव्हा अहेरीच्या पलीकडे डोंगरावरच्या एका गावात शिक्षक होते. ऐंशीनंतरची ती वर्षं. शाळेची एक खोली, शेजारी आमच्या दोन खोल्या, आणि बाकी सगळं माडिया लोकांचं गाव. माझं माहेर सिंदेवाहीकडचं. तिकडे जिकडे पाहावं तिकडे सपाट बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, आणि धान. बाबा आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझी आई गेली होती. बाबांची एक बांधी होती ती चुलतभाऊ कसत होता, आणि बाबा त्या घरात एकटेच. एकदा तापानं फणफणून पडले, तर शेजारच्या बाईच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. दार बंद होतं म्हणून तिला वाटलं, गावाला गेले असतील. हे कळल्यावर मी गुरुजींना माहेरी पाठवलं आणि बजावून सांगितलं, की बाबांना घेतल्याशिवाय वर येऊ नका.

ते आले. पण अट घालून आले. "लेकीच्या घरचा दाना मी खानार नाई," बाबांनी दारातच सांगितलं. "इथी धान लावीन. पिकलं त माह्या धानावर राहीन. नाई पिकलं त माहं घर हायेच."

माझं डोकंच फिरलं. दीक्षेच्या वर्षी याच माणसानं घरातले सगळे जुने देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. उपास बंद केले, नवस बंद केले, माझं लग्न पंचशील म्हणून लावलं. आणि बापानं लेकीच्या घरी जेवू नये, ही एक गोष्ट मात्र जपून ठेवली होती. मी म्हटलं, "बाबा, देव सोडले, मंग हेच काऊन धरून ठेवलं?" ते म्हणाले, "देव दुसऱ्याचे होते. हे माहं हाय." मी पोतं आत घेतलं.

ते पोतं वर कसं आलं तीही एक गंमतच. एसटी अहेरीपर्यंत, तिथून बैलगाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पुढचा चढ पायी. पायथ्याला आमचा शेजारी भेटला, एक म्हातारा माडिया माणूस, बाजारातून मीठ घेऊन परत निघालेला. त्यानं पोत्यातले निम्मे तांदूळ दुसऱ्या टोपलीत काढले, दोन्ही बाजू सारख्या करून कावड खांद्यावर घेतली आणि मीठ आमच्या गुरुजींच्या डोक्यावर दिलं. बाबा मोकळ्या हातानं मागून आले आणि वर पोचल्यावर सगळ्यात जास्त धापा त्यांनाच लागल्या होत्या.

चैत्र उतरणीला लागला होता. खाली अहेरीत दुपारी पाय भाजत होते, आणि वर आमच्या अंगणात संध्याकाळी बाबांनी धोतराचं पान अंगावर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरून आले तेव्हा मूठभर मोहफुलं दाखवत होते. "आमच्या इथी मोह कवाचाच सरला. इथी आता पडून राह्यला?" मी म्हटलं, इथं सगळंच उशिरा येतं. मोह खालून पडत पडत वर चढतो. पायथ्याच्या बाया वेचून वाळवून मोकळ्या होतात तेव्हा आमच्या बायांच्या टोपल्या निघतात. बाबांना याची फार मौज वाटली. एकाच उन्हाळ्यात दोनदा मोह पाहिला म्हणून ते आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्या गावाची घरं सगळी उतारावर होती. शेतीही उतारावर. कोसरा पेरायचे लोक, बारीक दाण्याचं धान्य, त्याचा भात करतात आणि जावा, म्हणजे आंबिलीसारखी पातळ पेज. थोडं हलकं धान असायचं, लवकर येणारं. उतारावर पाणी थांबत नाही, माती पातळ, पाऊस थांबला की जमीन लगेच सुकते. म्हणून जे लवकर हाती येईल तेच पेरायचं, असा तिथला हिशेब. आणि गावाच्या खाली दोन टेकड्यांच्या मधे एक खोलगट जागा होती. काळी माती, वरून एक झरा येऊन मुरलेला, गवत कमरेएवढं. तिथं कोणी काही लावत नव्हतं.

बाबांची नजर त्या जागेवर गेली ती परत वर आलीच नाही. धानवाल्या माणसाचं तसंच असतं. आमच्याकडे जमीन पाहायची म्हणजे आधी पाहायचं, पाणी कुठं जाऊन थांबतं. जी बांधी सगळ्यात खाली, ती सगळ्यात भारी. हुंड्यातसुद्धा लोक विचारायचे, खालची बांधी आहे का वरची. बाबा म्हणाले, "एवढी सोन्यासारखी जागा पडली हाय आनि हे लोक पहाडाच्या अंगावर दाने फेकून राह्यले."

जागा गावाची होती, पण वापर शेजारच्या म्हाताऱ्याच्या घराण्याकडे होता. बाबांनी त्याला विचारलं. तो तुटक मराठी बोलायचा. "कर भाऊ," तो म्हणाला. "जागा कुठी पळते? पन तिथी थंडी बसते. आमी काई नाई लावत."

बाहेर लाकूडसुद्धा तडकेल असं ऊन होतं. थंडीचं नाव ऐकून बाबा हसले.

संध्याकाळी आमच्या गुरुजींनीही समजावून पाहिलं. ते शाळेत शिकवतात तसं हात हलवून सांगायला लागले, की उंचावर गेलं की हवा गार होते हे खरं, पण रात्री आभाळ मोकळं असलं की जमिनीलगतची हवा आणखी गार होते, जड होते, आणि उतारावरून खाली वाहत येऊन खोलगटात साचते. म्हणून इथले लोक घरं मधल्या उतारावर बांधतात. अगदी माथ्यावर वारा, अगदी खाली थंडी. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, हवा का पानी हाय का?" गुरुजी कंदील घेऊन वह्या तपासायला बसले.

माझं म्हणाल तर मला कोण बरोबर नि कोण चूक याचं काही देणंघेणं नव्हतं. मला धान पिकायला पाहिजे होतं. बाबा राहायला पाहिजे होते. रोज सकाळी झाडताना मी त्या खोलगटाकडे पाहायची आणि मनात म्हणायची, पीक बापा, कसंही करून पीक.

पाऊस लागला तसे बाबा कामाला भिडले. वयाला शोभेल असं काही नाही, एकदम पोरासारखे. गवत कापलं, बांध घातले, रोपांसाठी पऱ्हे टाकले. बियाणं त्यांनी घरूनच आणलं होतं, भारी धानाचं, उशिरा येणारं. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं हलकं धान देऊ केलं होतं, पण बाबांनी हात जोडले. मला घरी येऊन म्हणाले, "हलकं धान कोंबड्याइले टाकासाठी असते." मी म्हटलं, "मंग या गावात सगळ्या कोंबड्याच राहातात का?" ते मिशीत हसले.

रोवण्याला मी उतरले. लहानपणापासून केलेलं काम, पाठ विसरली नव्हती. गावातल्या बाया बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांचं कोसऱ्याचं काम कधीच आटोपलं होतं. एकीनं विचारलं, एवढं वाकून एकेक रोप का लावता? मी म्हटलं, आमच्याकडे पोट भरायच्या आधी कंबर मोडावी लागते. त्या हसल्या आणि दोघी-तिघी चिखलात उतरल्या. त्या दिवशी बाबांनी आईचं गाणं म्हटलं, रोवण्याचं, आई गेल्यावर पहिल्यांदा. मी तोंड फिरवून रोपांच्या जुड्या सोडत बसले.

इकडे पोतं खाली चाललं होतं.

बाबांचा नेम ठरलेला होता. त्यांचा गंज चुलीच्या एका अंगाला. तांदूळ ते स्वतः पोत्यातून काढत, मी शिजवायची. मग स्वतःच्या हातानं ताटात घ्यायचे आणि भिंतीकडे बसून जेवायचे. वरण-भाजी घ्यायचे, ती काही धान्यात मोडत नाही, असा त्यांनी स्वतःच निकाल लावला होता. पण घरात आल्यापासून एकदाही माझ्याकडे बघून "वाढ" म्हणाले नव्हते. लहानपणी मी भातुकलीत वाढलेला मातीचा भातसुद्धा हा माणूस मागून मागून खायचा. मला ते फार लागायचं. रागही यायचा आणि रडूही यायचं.

आषाढात मी पोत्यात हात घातला तर बोटं तळाला लागली. धान निघायला अजून दिवाळी उलटून जायची होती. गुरुजी अहेरीच्या बाजाराला निघाले तेव्हा मी त्यांच्याकडून पांढरा, बारीक तांदूळ मागवला, दिसायला बाबांच्या तांदळासारखाच. दुपारी बाबा बांधीत असले की मी तो पोत्यात ओतायची. एकदम नाही. थोडा थोडा. वरून हात फिरवून सारखा करायची. गुरुजी म्हणाले, "हे बरं नाही." मी म्हटलं, "तुम्ही शाळेत पोरांना बरं-वाईट शिकवा, मला माझा बाप जगवू द्या." त्यानंतर ते न सांगता तांदूळ आणायला लागले.

पाऊस चालू होता तोपर्यंत ढग डोंगरावर बसलेले असत, रात्री गार पण बोचऱ्या नसत, आणि खोलगटातलं धान असं वाढलं की पाहत राहावं. भादव्यात उतारावरचा कोसरा आला. गावाचं पंडुम झालं. नवं धान्य आलं की आधी पंडुम करायचं, सगळ्यांनी मिळून खायचं, त्याआधी कोणी घरात दाणा शिजवायचा नाही, असा तिथला रिवाज. शेजारच्या म्हाताऱ्यानं बाबांना हाताला धरून पंगतीत बसवलं. बाबा पानावरचा कोसऱ्याचा भात जेवले, वर दोनदा जावा प्यायले. मी घरी आल्यावर म्हटलं, "गावचं खाल्लेलं चालते, लेकीचं नाई चालत." बाबा म्हणाले, "ते गावचं होतं, कोना एकाचं नाई." मी भांडी जरा जोरातच घासली.

पण खरं सांगायचं तर मी त्या दिवसांत आनंदात होते. बाबांनी परसात पपई लावली. पपई लावणारा माणूस पुढच्या वर्षाचं बोलतो. एक दिवस म्हणाले, ओसरीच्या या कोपऱ्यात एक ढोली ठेवू, धान भरायला. मी लगेच कोपरा सारवून घेतला.

आश्विन सरत आला आणि आभाळ एकदम स्वच्छ झालं. धान गर्भात होतं, म्हणजे लोंबी अजून पोटात. आणि थंडी उतरली. अक्षरशः उतरली. मी सकाळी बाबांचा चहा घेऊन खाली जायची. आमच्या अंगणात कोवळं ऊन, कोंबड्या पाय पसरून बसलेल्या. दहा-वीस पावलं उतारावरून खाली आलं की पायांना गार लागायचं, मग गुडघ्यांना, मग कमरेला, जणू मी तलावात उतरतेय. खाली धुकं साचलेलं. त्यात बाबा कानाला फडकं बांधून बांधावर बसलेले असायचे. चहा त्यांच्या हातात जाईपर्यंत कोमट व्हायचा. वर येताना पुन्हा ऊब लागायची. गुरुजींनी हात हलवून दाखवलेली ती हवा मला रोज पायाला लागत होती, पण मी बाबांसमोर ते काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

धान निसवलं. म्हणजे अर्धं निसवलं, अर्ध्या लोंब्या पानातच अडकल्या. ज्या बाहेर आल्या त्या ताठ उभ्या. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत धानवाल्या घरात सगळ्यांना कळतं, की लोंबी भरली की वाकते. बाबांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला. काही निघालं नाही. दुसरी लोंबी, तिसरी. पांढरं दूध यायला हवं तिथं नुसतं टरफल. ते बांधाबांधानं दाबत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी चहाची किटली घेऊन उभीच राहिले. "पोचट गेलं," एवढंच म्हणाले. मग थांबून, "रोज पानी पाजलं मी याले."

त्यानंतरही ते रोज खाली जात होते. काय करायचे ठाऊक नाही. एका दुपारी शेजारचा म्हातारा खाली गेला आणि त्यांच्याजवळ बसला. मी सरपण गोळा करत तिथंच होते. म्हाताऱ्यानं एक लोंबी तळहातावर चोळून फुंकली. मग म्हातारा म्हणाला, "माह्या बापानं बी इथीच लावलं होतं. मी लायना होतो. दाना भरलाच नाई, समदं बैलानं खाल्लं." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू मले सांगितलं होतं," ते म्हणाले. म्हातारा म्हणाला, "माह्या बापाले बी सांगितलं होतं कोनी." बाबांनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, बैलांसाठी घेऊन जा म्हणून सांगितलं. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिशवी भरायला बसले. धोतर, सदरा, कानाचं फडकं. गंज धुऊन उपडा ठेवला होता तोही पिशवीत घातला. "उद्या अहेरीचा बाजार हाय, खाली जानारे हायेत, त्याइच्या संगं जातो," म्हणाले. "बोललो होतो तसंच. पिकलं नाई."

मी चुलीपाशी होते. माझ्या डोळ्यांसमोर ते बंद दार आलं, आणि आत तापानं पडलेला माणूस. मी फुंकणी खाली टाकली. "कोनत्या धानाच्या गोष्टी करता बाबा? तुमचं पोतं आषाढातच सरलं. तवापासून मी भरून राह्यली त्याच्यात. गुरुजी बाजारातून आनतात, मी ओतते. तुमी माह्याच घरचं खाऊन राह्यले, समजलं? मोडला तुमचा नेम. कवाचाच मोडला."

बोलून गेले आणि घाबरले. गुरुजी दारात उभे होते, ते तसेच मागे सरले.

बाबांचे हात पिशवीवर थांबले. ते म्हणाले, "मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"माह्या तांदळाचा भात सकाळपावतर मऊ राहाते. तो बाजारचा दोन घंट्यात खडा होते. अवं बाई, जिंदगीभर धान लावलं मी. पहिल्याच घासाले समजलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके महिने. मी हात फिरवून फिरवून पोतं सारखं करत होते आणि हा माणूस त्यातून मुकाट्यानं तांदूळ काढत होता. "मंग बोल्ले काऊन नाई?"

बाबा पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. त्यांचा आवाज लहान झाला. "बोल्लो असतो त जावं लागलं असतं."

पदरानं तोंड पुसलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे ऐकत नव्हते. "मंग आता काऊन जाऊन राह्यले?"

"आता समद्याइले दिसलं ना. धान गेलं. कोनतं तोंड घेऊन राहू?"

"ज्या तोंडानं जेवले त्याच तोंडानं राहा," मी म्हटलं.

बाबांनी पिशवी तशीच सोडली. उठून बाहेर गेले. मला वाटलं खोलगटाकडे जातील, पण ते वरच्या बाजूला गेले, शेजाऱ्याच्या उतारावरच्या शेतात. तिथं कोसऱ्याचे कापलेले खुंट होते. बराच वेळ त्या उतारावर ते दोघं म्हातारे वर-खाली हिंडताना मला दारातून दिसत होते. बाबा मधेच वाकून माती हातात घेत, मधेच थांबून म्हाताऱ्याला काहीतरी विचारत.

मी पिशवीतून गंज काढला आणि फळीवर ठेवून दिला, वरच्या. मग मोठा गंज चुलीवर चढवला. त्यात सगळ्यांचे तांदूळ एकत्र घातले.

दुपार कलल्यावर बाबा आले. उपरण्याच्या टोकाला गाठ बांधलेली होती. गाठ सोडून त्यांनी कोसऱ्याचं बियाणं माझ्या सारवलेल्या कोपऱ्यात एका मडक्यात ओतलं. हातपाय धुतले. भिंतीकडे न जाता गुरुजींच्या शेजारी बसले. फळीवरच्या आपल्या गंजाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

मग ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाढ, बाई."

मी वाढलं. पहिल्या दिवसापासून वाढायचं राहिलं होतं तेवढं सगळं वाढलं. ते नको म्हणाले नाहीत.